फुकट्यांचा लिलाव

त्याला कोणी नावाने हाक मारलेली कोणालाच आठवत नाही. फुलबाजारात तो लिलाव पुकारायचा. या टोकाला त्याने भाव पुकारला की त्या टोकाचा हमाल ओझ्याखालून मान वर करायचा, म्हणून सगळा बाजार त्याला भोंगा म्हणायचा. एखादा नवा व्यापारी अदबीने 'साहेब' म्हणाला तर त्याला कसंसंच व्हायचं. साहेब कोण इथे, सरळ भोंगा म्हण की, असं तो सुनावायचा.

तर या भोंग्याच्याच घशात गाठ निघाली. नशिबाला दुसरी जागा सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. दुसरा कोणी असता तर हात जोडून गुमान घरी आला असता. हा डॉक्टरांना म्हणाला, "जीव तुम्ही वाचवा. आवाजाचं मी बघतो."

आणि बघितलंही. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी आपल्या आवाजात शब्द भरून ठेवता येतात. मग आपण कीबोर्डवर लिहायचं, कॉम्प्युटर ते शब्द जोडतो आणि आपल्याच आवाजात बोलतो. त्यांनी वाचायला एक कागद दिला. त्यावर 'कृपया मला पाणी द्या', 'आज हवा छान आहे' असली वाक्यं. भोंग्याने कागद बाजूला सारला. असलं मी जन्मात बोललो नाही, आता कशाला बोलू, असं म्हणून तो माइकसमोर बसला आणि पहिली आरोळी ठोकली ती "एक वार, दोन वार, तीन वार" अशी. त्यामागोमाग आपलं रोजचं सगळं भांडवल ओतलं. पटत नसेल तर वाट धर. डोळे आहेत की बटणं. अगं, चहा येतोय का उगवतोय. माझ्यापुढे शहाणपणा नको. बायको म्हणाली, "अहो, चार गोड शब्दही घाला त्यात." तो म्हणाला, "लागतील तेव्हा बघू."

आता झालंय असं, की जो शब्द भरलेला नाही तो कॉम्प्युटर अक्षरं जुळवून म्हणतो, आणि ते पिऊन आलेल्या माणसासारखं ऐकू येतं. त्यामुळे भोंगा कोणाशी गोड बोलायला गेला की हा झिंगलाय असं वाटतं. शिवी मात्र अजून खणखणीत येते.

ऑपरेशननंतर दवाखान्याने गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून नुसती गुणगुण यायची. ते त्याने एकदा लावलं आणि कपाटात भिरकावलं. कागदावर लिहून दाखवायलाही साफ नकार दिला. मुका झालोय का मी, असं त्याचं म्हणणं. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर बसला. तो तेव्हाही काही तरुण नव्हता. भोंगा त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसला आणि घर पुन्हा पूर्वीसारखं दणाणू लागलं.

अडचण एकच होती. तो बोलणारा प्रोग्राम ज्या छोट्या कंपनीने केला होता, तिने गाशा गुंडाळला, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम काही केल्या बसेना. हे सांगितलं चौकातल्या दुरुस्तीवालीने. चष्मा कपाळावर, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि जीभ तिखट. म्हणाली, "काका, तुमच्या शब्दांच्या फायली कुठेही नेता येतील, पण त्यांना बोलतं करणारा प्रोग्राम फक्त याच्यात आहे. हे मशीन आहे तोवर तुमचा आवाज आहे. निगा राखणार असाल तर राखा, नाहीतर हातोडा घ्या आणि आत्ताच फोडा, माझा वेळ तरी वाचेल." भोंग्याला ती बाई एकदम पटली.

मग त्याने निगा राखायला घेतली, ती अशी की बघणाऱ्याला धडकी भरावी. प्लग खेचून बंद करायचा नाही, रीतसर बंद करायचा. अपडेट आलं की 'नंतर बघू' म्हणून टाळायचं नाही. आधी शब्दांची नक्कल काढायची, मग अपडेट घ्यायचं, मग बंद करून परत चालू करायचा आणि एक वाक्य वदवून बघायचं. कॉम्प्युटर सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम न बोलावता उठून बसतात ते तपासायचं आणि त्या आगंतुकांना गप्प करायचं. 'तुमचा कॉम्प्युटर मंद झाला आहे, इथे दाबा' असं काही लुकलुकलं की "माझ्यापुढे शहाणपणा नको" असं स्पीकरवरून त्यालाच ऐकवायचं आणि खिडकी मिटायची. नकला दोन ठेवायच्या, हार्ड डिस्कच्या दोन डब्यांत, एक कपाटात चादरींखाली आणि एक मेव्हणीच्या घरी. नुसत्या ठेवून भागत नाही, अधूनमधून उघडून ऐकाव्याही लागतात. मेव्हणी म्हणायची, भाऊजी मला भेटायला येतच नाहीत, त्या डबीला भेटायला येतात. ते अगदी खरं होतं.

पण सगळ्यात थाटाचा कार्यक्रम म्हणजे रविवारचा लिलाव. सकाळचं खाणं झालं की भोंगा कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांची यादी उघडायचा. ज्याचं काम नाही त्याने जागा अडवायची नाही, फुकट्याला गाळा नाही, हा त्याचा बाजारातला कायदा. एकेकाला तो लिलावाला काढायचा. गिऱ्हाईक एकच, बायको. बोली पैशांची नसायची, कामाची असायची. पत्त्यांचा खेळ निघाला की ती ओट्याजवळून म्हणायची, "दोन दिवस तुमच्या वाटची भांडी मी घासते." खेळ वाचायचा. फोटो सजवणारा प्रोग्राम, न विचारता हवामान सांगणारा, कुठल्याशा प्रिंटरबरोबर आलेलं लटांबर, यांना बोली आली नाही की स्पीकर गरजायचे, एक वार, दोन वार, तीन वार, की तो गेला. दुरुस्तीवालीने बजावलं होतं की ओळखीचं नसेल ते काढू नका, आधी मला विचारा. भोंगा मान डोलवायचा. विचारायचा मात्र कधीच नाही. आयुष्यभर सगळ्या बाजाराचा माल आपण उडवला, आता घरातल्या यादीसाठी परवानगी मागायची का, असं त्याचं डोकं चालायचं.

मुलाला हे काहीच खपत नव्हतं. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. फोन करायचा तो आईला. घरी आला की टीव्ही मोठा करायचा, आणि स्पीकरमधून बापाचा आवाज आला की काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जायचा. भोंग्याने त्याचा सरळ अर्थ लावला, पोराला आपली लाज वाटते. आणि तो अर्थ त्याला आत कुठेतरी फार लागला होता, म्हणून तो मुलगा आला की मुद्दाम जास्त बोलायचा.

"बाबा, हे खोकं टाका आता," मुलगा म्हणायचा. "नव्या कॉम्प्युटरमध्ये तयार आवाज मिळतात. स्वच्छ, मऊ. कुठलाही शब्द अडत नाही." एकदा त्याने मोबाइलवर नमुना ऐकवला. तो आवाज इतका नम्र होता, की आता हा आपल्याला रांगेत थांबायला सांगणार असं भोंग्याला वाटलं. त्याने टाइप केलं, "पटत नसेल तर वाट धर." मुलाने खरंच वाट धरली. जाताना जिन्यात आईला सांगून गेला की मंगळवारी मी नवा घेऊन येतो आणि हा उचलून नेतो, आता त्यांना विचारणार नाही.

बायकोने ते नवऱ्याला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

त्यामुळे त्या रविवारी भोंगा आधीच तापलेला होता, आणि तापला की तो दुप्पट साफसफाई करायचा. खोकं म्हणतोस काय, आता याला कसा घोड्यासारखा पळवतो ते बघच. यादी खाली सरकवता सरकवता त्याला एकाच नावाचे दोघे दिसले. लांबलचक इंग्रजी नाव, पुढे साल; एकाचं जुनं, एकाचं नवं. असले प्रकार बाजारात त्याने पुष्कळ पाहिले होते. एकच व्यापारी एका नावावर दोन गाळे अडवून बसायचा, आणि भोंग्यानेच असल्यांना चव्हाट्यावर आणून उठवलं होतं. त्याने जुन्या सालाचा लिलावाला काढला.

"काय करतो तो?" बायकोने कांदा चिरता चिरता विचारलं.

"काही नाही," स्पीकर म्हणाले.

"मग जाऊ दे."

एक वार, दोन वार, तीन वार. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे का. भोंग्याला खात्री नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याने 'हो' दाबलं, नेमाप्रमाणे बंद करून परत चालू केला आणि बोलणारा प्रोग्राम उघडायला गेला, तर स्क्रीनवर एक राखाडी चौकट आली. अमुक एक फाइल सापडत नाही. त्याने चौकट मिटली, परत उघडलं. परत चौकट.

बायको पाठमोरी होती. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, जुन्या सवयीने, आणि तसाच बसून राहिला. मग त्याने टेबलावर हात आपटला. ती वळली, त्याचा चेहरा पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

"आवाज गेला?" तिने विचारलं.

भोंगा घाबरला. खरोखर घाबरला. ऑपरेशनच्या वेळीही इतका घाबरला नव्हता, कारण तेव्हा आवाज मागे ठेवून तो आत गेला होता. शब्दांच्या नकला दोन्ही ठिकाणी सुखरूप होत्या, पण त्यांना बोलतं करणाराच उठत नव्हता तर त्या काय चाटायच्या? कॉम्प्युटरला चार दिवस मागे न्यायची एक सोय असते, ती त्याला ठाऊक होती. ती उघडली तर बंद. जागा खाते म्हणून त्यानेच कधीतरी बंद करून टाकली होती, आणि तेव्हा तर बायकोला बोली लावायलाही विचारलं नव्हतं. आता परवा मुलगा येणार, नवं मशीन टेबलावर ठेवणार, आणि राहिलेलं सगळं आयुष्य त्याच्या जागी तो रांगेत थांबवणारा माणूस बोलणार. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. दुपारी बायकोने मुलाला फोन करून रडत रडत सांगितलं की दुरुस्तीवालीला न विचारता यांनी काहीतरी काढलं आणि बंद पडला रे, जेवणही तसंच पडलंय. मुलगा म्हणाला, बरं झालं आई, आता तरी ऐकतील.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच भोंगा कॉम्प्युटर पोटाशी धरून पायरीवर उभा होता. बोलायला बायको बरोबर.

"यांनी काहीतरी विकलं," बायकोने सुरुवात केली.

"काय विकलं?"

"दोघे होते बघा एका नावाचे. त्यातला म्हातारा विकला."

भोंग्याने कपाळावर हात मारला. दुरुस्तीवाली एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. बायको एका नावावरच्या दोन गाळ्यांची गोष्ट समजावून सांगू लागली, तसा गोंधळ वाढतच चालला. शेवटी भोंग्याने काउंटरवरचं पेन उचललं आणि एका रिकाम्या पाकिटावर लिहिलं, 'मी काढलं. जुन्या सालाचं. आता बोलत नाही.' ऑपरेशननंतर त्याने कोणाला लिहून दाखवलं ते हे पहिलंच. बायकोने मान दुसरीकडे वळवली.

दुरुस्तीवालीने मशीन जोडलं आणि तिचा पारा चढला. "न विचारता काढलंत. मागे जायची सोयही बंद. काका, तुम्हाला स्वच्छतेची हाव सुटलीय. घर झाडता झाडता खांब उपटलात तुम्ही." मग म्हणाली, "ठेवून जा, गुरुवारी बघते."

भोंगा स्टुलावर बसला.

"काका, गुरुवारी म्हटलं मी."

त्याने मशीनवर हात ठेवला.

"ते उठायचे नाहीत," बायको म्हणाली. "मी ओळखते यांना. तुम्हीच कामाला लागलात तर बरं."

दुरुस्तीवालीने एक उसासा टाकला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. चौकट न मिटता तिने ती नीट वाचली. "हा दोन गाळेवाला नव्हता हो. नाव एक असलं तरी दोघे वेगळे. तुमचा बोलका प्रोग्राम जुन्याच्या खांद्यावर उभा होता, नवा त्याला ओळखतसुद्धा नाही." तो जुना परत मिळेल की नाही हे तिलाही सांगता येईना. आवाजवाली कंपनी बुडाली होती, पण हा तुकडा त्यांचा नव्हता, एका मोठ्या कंपनीकडून घेतलेला होता. त्यांनी जुन्या सालाचा अजून ठेवला असेल तर ठीक. शोधला. एक मिळाला तो बसेना. दुसरा मिळाला, बसला, आणि प्रोग्राम तरीही उठेना. भोंग्याचा चेहरा पांढरा पडला. "थांबा, बंद करून चालू करायचा राहिलाय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे बघून मीच विसरले."

चालू झाला. प्रोग्राम उघडला. भोंग्याने तिला कोपराने बाजूला सारलं आणि एका बोटाने टाइप केलं.

"डोळे आहेत की बटणं," दुकान दणाणलं. दारात चार्जर घेऊन उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरला. बायको पदराने डोळे पुसत हसायला लागली.

"आला परत," दुरुस्तीवाली म्हणाली. "आता माझं ऐका. मागे जायची सोय मी चालू केलीय, तिला हात लावायचा नाही. आणि नुसत्या शब्दांची नको, आख्ख्या मशीनची नक्कल काढू, कारण हे म्हातारं आहे, कधीतरी जाणार."

"बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

त्याने 'हो' टाइप केलं. फक्त तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

मंगळवारी मुलगा आला, काखेत नवं मशीन. आईने रविवारी फोन केला होता, सोमवारी मात्र मुद्दामच केला नव्हता. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. भोंगा टेबलाशी छाती काढून बसला होता.

"जाऊ द्या बाबा, वाईट वाटून घेऊ नका," मुलगा म्हणाला. त्याने नवं मशीन टेबलावर ठेवलं आणि जुन्याची वायर काढायला हात घातला. भोंग्याने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं.

"हात काढ."

मुलगा असा दचकला की वायर त्याच्या हातून सुटली. तो वळला आणि गॅलरीकडे चालू लागला.

"पळ," स्पीकर म्हणाले. "बापाची लाज वाटते."

मुलगा थांबला. "लाज?" तो म्हणाला. "लाज वाटते म्हणून जातो मी? बाबा, मला ऐकवत नाही. तुमचं तोंड मिटलेलं असतं आणि बाजूने तुमचा आवाज येतो. तोच, बाजारातला, मी लहानपणी खांद्यावर बसून ऐकलेला. मला वाटतं तुम्ही गेलात आणि कोणीतरी तुमची टेप लावलीय. दर वेळी वाटतं. इथून घरी गेलो की दिवसभर सुचत नाही काही."

भोंग्याची बोटं कीबोर्डवर थांबली. बाजारातल्या प्रत्येक प्रसंगाला त्याच्याकडे भरलेलं वाक्य होतं, पण याला नव्हतं. तो एकेक अक्षर शोधू लागला. फार वेळ लागला. मुलगा या वेळी गॅलरीत गेला नाही.

"गेलो नाही," स्पीकर म्हणाले. "इथे आहे. समोर. माझ्याकडे बघ, त्या डब्याकडे नको."

मुलाने बघितलं.

"तो मऊ माणूस कोण मला माहीत नाही. तो तुझा बाप नाही." 'मऊ' झिंगत आला, 'बाप' खणखणीत आला. "मेल्यावर काय रडायचं ते रड. तेव्हा टेप लाव नाहीतर फोड. आत्ता मी आहे. आत्ता माझ्याशी भांड."

मुलाने खुर्ची ओढली आणि धपकन बसला. बाहीने डोळे पुसले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती.

"भांडू?" तो म्हणाला. "मग ऐका. आयुष्यात एकदा तरी कोणाचं ऐकलंत का तुम्ही? ती दुरुस्तीवाली घसा फोडून सांगत होती, न विचारता काढलंत कशाला? रविवारी आई उपाशी होती, आहे का पत्ता?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"आणणार. रोज ऐकून घेते म्हणून काय झालं?"

मुलाचा आवाज चढत गेला. घशाने तो बापावरच गेला होता. भोंग्याला तेवढ्या वेगाने टाइप करणं जमेना, तेव्हा त्याने स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मग उत्तर दिलं.